चार-चारवर आलेला पाऊस

भाद्रपद लागला की आमच्याकडं दुपारी तीनच्या सुमारास दौलताबादच्या अंगानं ढग जमायला लागतात. सकाळ कोरडी ठणठणीत असते, ऊन असं की डोक्याला रुमाल बांधावा. आणि चहाच्या वेळेला पडेगावच्या पलीकडं आभाळ काळंनिळं होऊन बसतं. आषाढातला पाऊस मराठवाड्यात येईलच असं सांगता येत नाही. भाद्रपदातला बहुतेक येतो, आणि आमच्या टेनिसच्या स्पर्धाही नेमक्या तेव्हाच असतात. मी खेळत होते तेव्हाही असंच होतं, आता माझी मुलगी खेळते तेव्हाही असंच आहे.

परवा ईराची मॅच होती. चौदा वर्षांखालच्या मुलींची, दुसरी फेरी. पडेगावच्या पुढं मोकळ्या रानात एक नवी टेनिस अकादमी झालीय, तिथं. सहा निळी कोर्टं, चकचकीत, आकाशाचे तुकडे कापून जमिनीवर चिकटवल्यासारखी. पहिल्या सेटच्या मध्यावर टपोरे थेंब पडायला लागले आणि पंचांनी हात वर करून खेळ थांबवला. मुली पळत आल्या. ईरानं घाम पुसला, पाण्याचा घोट घेतला, फोन काढला आणि मला पडद्यावर हिरवे-पिवळे डाग दाखवले.

"आई, रडार बघ. चाळीस मिनिटं. मग क्लिअर."

एवढं बोलून तिनं कानात गाण्याचे बोळे घातले, रबराचा पट्टा पायाला अडकवला आणि एका कोपऱ्यात पाय ताणत बसली. तिला पावसाचा राग नव्हता, कौतुकही नव्हतं. चाळीस मिनिटांचा एक हिशोब होता आणि तो तिनं मांडून टाकला होता. मला तिचा हेवा वाटला. आमच्या वेळी पाऊस कधी थांबेल हे विचारायला आम्ही मैदान राखणाऱ्या मामूंकडं जायचो, आणि मामू वर बघून म्हणायचे, "बेटा, वो उसका काम है. आपला काम चाय प्यायचा."

माझ्या शेजारी नौशीन बसली होती. तिच्या शाळेची एक मुलगी, आफरीन, पलीकडच्या कोर्टावर खेळत होती. नौशीन आणि मी एकमेकींना तीस वर्षं ओळखतो, आणि ती ओळख झाली ती पावसामुळंच. त्या एका पावसाळ्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मी तेव्हा अकरावीत होते. शहराचं नाव औरंगाबाद होतं, आणि आम्ही बजाजनगरात दोन खोल्यांत राहायचो. माझे वडील, अण्णा, वाळूजच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. मूळचे पिशोरचे; चुलते तिथं शेती बघायचे. आमच्या घरात टेनिस येण्याचं काही कारण नव्हतं. कारखान्यातल्या साहेब लोकांच्या क्लबात एक कोर्ट होतं आणि तिथले दिवे बिघडले की अण्णांना बोलावणं यायचं. एकदा ते मला सोबत घेऊन गेले. अण्णा खांबावर चढलेले आणि मी खाली भिंतीशी, कुणीतरी टाकून दिलेल्या रॅकेटनं चेंडू मारत बसलेली. दोन तास. अण्णा खाली उतरले तरी मला कळलं नाही. त्यांनी साहेबांना विचारलं, "साहेब, पोरगी भितीवर खेळली तर चालंल का? कोर्टात नाय येणार ती." साहेब हसले आणि हो म्हणाले. सहा महिने मी फक्त त्या भिंतीशी खेळले. पुढं अण्णाच मला छावणीजवळच्या मैदानावर घेऊन गेले. तिथं दोन मातीची कोर्टं होती आणि त्या कोर्टांचे सर्वेसर्वा होते मामू.

मामू कोण होते हे नीट सांगायला हवं. कागदावर ते मैदानाचे राखणदार. पण ती दोन कोर्टं त्यांनी स्वतःच्या हातानं केली होती. मुरूम चाळून घ्यायचा, त्यात गाळाची माती कालवायची, वरून शेणाचा पातळ काला द्यायचा, मग दगडी रोलर फिरवायचा. पहाटे पाणी मारायचं, सकाळी झाडू फिरवायचा, आणि मग दोरी ताणून चुन्यानं रेघा मारायच्या. रोज. मामूंची रेघ मी अजून विसरलेले नाही. तीन बोटं रुंद, कुठंही फुगलेली नाही, कुठंही बारीक झालेली नाही. साठी उलटलेला माणूस उकिडवा बसून मागं मागं सरकत ती रेघ ओढायचा आणि शेवटाला पोचला की एकदा उभा राहून तिच्याकडं बघायचा. खेळायला ते आम्हाला कधीतरी शिकवायचेही. त्यांचा बॅकहँड अडाणी होता, पण चेंडू कुठं पडणार हे त्यांना आमच्या आधी कळायचं.

त्या वर्षी पाऊस ओढून धरला होता. श्रावण कोरडा गेला. पिशोरहून चुलत्यांचा निरोप यायचा तो एकच, कपाशी सुकतीय, मका पिवळी पडतीय. घरात आई रोज देवाला पाऊस मागत होती. आणि मी गुपचूप, डोळे मिटून, उलटं मागत होते. कारण गणपती उठले की विभागीय स्पर्धा होती. मुलींमध्ये जी जिंकेल ती राज्याच्या निवड शिबिराला पुण्याला जाणार होती. एकच मुलगी. अण्णांनी मला सरळ सांगितलं होतं, "यंदा गेलीस तर पुढं बघू. नाय गेलीस तर रॅकेट ठेवून दे आन् बारावीकडं बघ." त्यात राग नव्हता. बजाजनगर ते छावणी सायकलवर जाऊन-येऊन वीस किलोमीटर व्हायचं आणि माझे गुण घसरत होते. त्यांचं बरोबरच होतं.

स्पर्धा सुरू झाली आणि इतके दिवस रुसलेला पाऊस रोज दुपारी यायला लागला. मी मामूंपुढं चिडले. "यालाही आत्ताच यायचं होतं!"

मामू गोणपाट पिळत होते. त्यांनी मान वर केली.

"ऐसा नको बोलू बेटा. वो इधर मेहमान है. कवा येतो, कवा नाय येतो. आलाय तर बसू दे त्याला."

मला लाज वाटली. चुलते आठवले. त्या दिवसापासून मी पावसाला बोल लावला नाही, पण तो रात्री यावा अशी तडजोड देवाशी करून पाहिली.

त्या पंधरवड्यातल्या पावसाची मला सगळ्यात जास्त आठवते ती वाट बघत थांबण्याची गंमत. आता कुणाला खरं वाटणार नाही, पण एक मॅच तीन तीन दिवस चालायची. पत्र्याच्या शेडखाली आम्ही पंधरा-वीस मुलं-मुली बसलेलो असायचो. पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागायचं. ओल्या मातीत पडलेले चेंडू पाणी पिऊन जड व्हायचे. मामू ते स्टोव्हच्या बाजूला तारेच्या जाळीवर ओळीनं वाळत घालायचे, आणि शेणमातीचा, रॉकेलचा, चहाचा आणि गरम झालेल्या लोकरीचा असा एक मिश्र वास सगळीकडं भरून राहायचा. खेळाडू एकमेकांशी बोलायचे. दुसरं करणार काय? ज्याला हरवायचं त्याच्याच डब्यातलं लोणचं खायचं. टीव्हीवरही तेव्हा असंच असायचं. लंडनच्या हिरवळीवरच्या स्पर्धेत पाऊस आला की माणसं रांगेनं पळत येऊन ताडपत्री ओढायची, आणि मग तासन् तास कॅमेरा त्या ताडपत्रीवरच्या थेंबांकडं आणि छत्र्या घेऊन बसलेल्या प्रेक्षकांकडं बघत राहायचा. आम्हीही बघत राहायचो. काहीच घडत नसताना बघत राहायची सवय तेव्हा होती.

फायनलला माझ्यासमोर नौशीन आली.

तिला मी नावानं ओळखत होते, बोलले कधी नव्हते. शहागंजात राहायची, तिचे वडील उर्दू शाळेत शिक्षक होते. माझ्यापेक्षा एका वर्षानं मोठी. सलवार-कमीज घालून खेळायची, ओढणी कमरेला आवळून. तिच्याकडं लाकडी रॅकेट होती. त्या वेळीसुद्धा लाकडी रॅकेटी मागं पडल्या होत्या. माझीही ॲल्युमिनियमची होती. पण तिची सर्व्हिस बघायला लोक थांबायचे. चेंडू वर टाकताना ती क्षणभर अशी स्थिर व्हायची की वाटावं, ही आता मारायचं विसरली. आणि मग तो चेंडू यायचा.

शनिवारी दुपारी मॅच सुरू झाली. पहिला सेट मी घेतला, दुसरा तिनं. पावसानं दोनदा थांबवलं आणि अंधार पडायला लागल्यावर तिसरा सेट दुसऱ्या दिवसावर गेला. रविवारी दुपारी अण्णा सुट्टी म्हणून बघायला आले होते. शेडच्या खांबाला टेकून उभे होते, हाताची घडी घालून.

तिसरा सेट चार-चार झाला. आता सलग दोन गेम जिंकेल तिचा सेट, तिची मॅच, तिचं पुणं. सर्व्हिस नौशीनची होती आणि त्या गेममध्ये मी एका पॉइंटनं पुढं होते. पुढचा पॉइंट मला मिळाला तर गेम माझा, पाच-चार, आणि वर पुढची सर्व्हिसही माझी. तिला मिळाला तर बरोबरी. आभाळ इतकं खाली आलं होतं की चेंडू पिवळ्याचा राखाडी दिसत होता. कुलकर्णी सर पंच होते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, नियमांचे पक्के. उंच खुर्चीवर बसून ते एकदा वर आणि एकदा आमच्याकडं बघत होते.

तिनं सर्व्हिस केली. मी परत मारली. सात-आठ फटके झाले असतील. मग मला एक आखूड चेंडू मिळाला आणि मी तो जीव खाऊन तिच्या डाव्या कोपऱ्यात मारला. आणि त्याच क्षणी आभाळ फाटलं. चार टपोरे थेंब आणि लगेच सरळ धारच. कुलकर्णी सर छत्री उघडायच्या नादात होते, त्यांनी चेंडू पाहिलाच नाही. नौशीन मात्र मागच्या रेघेशी थांबली, वाकली, खाली बघितलं. दोन सेकंद. मग आम्ही सगळेच शेडकडं पळालो.

मामूंकडं धड ताडपत्री एकच होती. ती माझ्या बाजूवर पडली. नौशीनची बाजू उघडीच राहिली. शेडमधून मी बघत होते, तो कोपरा पाण्याखाली गेला. आधी चेंडूची खूण गेली, मग चुन्याची रेघही पांढरं दूध सांडल्यासारखी पसरत निघून गेली.

आणि मला काय वाटत होतं ते मी आज लिहिते. मला वाटत होतं चेंडू बाहेर गेला. रॅकेटवरून सुटतानाच तो थोडा जास्त लांब सुटला होता, हाताला कळतं ते. दोन बोटं बाहेर, फार तर तीन. मी गप्प बसले. पंचांनी बघितलं नाही म्हणजे ते पॉइंट परत खेळायला लावणार, म्हणजे हरलेला पॉइंट मला पुन्हा मिळणार. पाऊस माझ्या बाजूनं आला, असं मला वाटलं.

दोन तास पाऊस पडला. नौशीन माझ्याच बाकावर येऊन बसली. तिनं आधी रॅकेट ओढणीनं कोरडी केली, मग पिशवीतून एक लाकडी चौकट काढली, चार कोपऱ्यांना चार पितळी स्क्रू असलेली. रॅकेट त्यात घालून ती स्क्रू आवळत बसली. एक थोडा इकडं, एक थोडा तिकडं, सगळे सारखे.

"हे कशाला?" मी विचारलं.

"ओली झाली की वाकडी होती गं. मग बॉल इकडं मारला की तिकडं जातो." मग हसून म्हणाली, "तसा बी जातोच."

आम्ही डबे उघडले. माझ्याकडं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, तिच्याकडं रोटी आणि अंड्याचा खागिना. मी अर्धी भाकरी तिला दिली. खाता खाता मी विचारलं, "पुढच्या वर्षी खेळशील ना?"

"कुठं?" ती म्हणाली. "वय संपलं माझं. मुलींच्या स्पर्धा आहेत, बायांच्या कुठं आहेत आपल्याकडं? यंदाच काय ते." तिनं हे दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं, आणि चटणी फार छान झालीय म्हणाली.

मी उरलेली चटणी तिच्या रोटीवर वाढली. तरी मी बोलले नाही. बोलायचं तर काय बोलायचं? माझा चेंडू बाहेर होता, गेम बरोबरीत आणा? चार वाक्यांत संपलं असतं. मी त्या चार वाक्यांभोवती दोन तास फिरत राहिले आणि पत्र्याचा आवाज कमी व्हायला लागला.

मग मामूंचं काम सुरू झालं. आधी गोणपाटं अंथरायची, पाणी पिऊन फुगली की पिळायची, पुन्हा अंथरायची. त्यावर वखारीतून आणलेला लाकडाचा भुस्सा. तो झाडून काढायचा. कोपऱ्यातली जागा हट्टानं ओलीच राहिली, तेव्हा त्यांनी तिथं थोडं रॉकेल शिंपडलं आणि काडी लावली. घोट्याएवढ्या निळ्या ज्वाळा जमिनीवरून सरपटत गेल्या. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. कुणीतरी घाई केली तेव्हा मामू म्हणाले, "रुको जरा. जमिनीला दम लेऊ द्या." शेवटी त्यांनी दोरी ताणली आणि उकिडवं बसून नवी रेघ मारली. त्या घाईतही तीच तीन बोटं रुंद.

कुलकर्णी सरांनी आम्हा दोघींना नेटजवळ बोलावलं.

"हे बघा मुलींनो, शेवटचा चेंडू मी पाहू शकलो नाही. खूण राहिलेली नाही. रेघही नवीन आहे. तेव्हा तो पॉइंट पुन्हा खेळायचा. मान्य?"

मी मान हलवली. लगेच हलवली.

"नाही सर," नौशीन म्हणाली. "पॉइंट तिचा आहे."

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे चेंडू आत होता? तू पाहिलंस?"

"पॉइंट तिचा आहे, सर. पाच-चार लावा."

सर तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी फळ्यावर खडूनं पाच-चार लिहिलं. मी नौशीनकडं बघितलं. ती तोवर वळून आपल्या बाजूला निघालीही होती, स्क्रूच्या चौकटीतून सोडवलेली रॅकेट तळहातावर हलकेच आपटत.

माझ्या सर्व्हिसचा गेम होता. तिनं तो सहज दिला नाही, जीव तोडून खेळली. दोनदा मी हरता हरता वाचले. शेवटी तिचा फटका जाळीत अडकला आणि मॅच संपली. नेटवर तिनं माझा हात हातात घेतला. "पुण्याला नीट खेळ," म्हणाली. "उगाच घाई करतीस तू."

घरी जाताना अण्णांनी मोपेडवर विचारलं, "ती पोरगी पंचाला काय म्हणाली?" मी सांगितलं. त्यांनी मोपेड जरा हळू केली. मग म्हणाले, "लई मोठ्या मनाची हाय." दुसऱ्या रविवारी पिशोरहून मक्याची कणसं आली, पावसानं वाचलेली. अण्णांनी त्यांतली निम्मी पिशवीत भरली आणि मला घेऊन शहागंजात तिच्या घरी गेले. दोघींचे वडील कारखाना आणि शाळा असं बोलत बसले. आम्ही दोघी गच्चीवर कणसं भाजत बसलो. तिथून आमची मैत्री सुरू झाली. पण मला चेंडू बाहेर वाटला होता हे मी अण्णांनाही सांगितलं नाही आणि तिलाही नाही.

पुण्यात मी दुसऱ्या फेरीत हरले. समोरच्या मुलीकडं मोठ्या तोंडाची काळी रॅकेट होती आणि तिचे फटके मी पोचायच्या आत निघून जात होते. तिथंही पाऊस आला. पण कोर्टं सिमेंटची होती, पाऊस थांबला आणि अर्ध्या तासात कोरडी झाली. कुणी डबे उघडले नाहीत. मला तेव्हाच कळलं की मी जो खेळ शिकले तो बदलायला लागलाय.

आता तर सगळंच बदललं. परदेशातल्या मोठमोठ्या कोर्टांवर छप्परं आलीत. पाऊस आला की आकाश सरकवून बंद करावं तसं ते बंद होतं आणि खेळ चालू. रेघांवर उभी असणारी माणसं गेली. कॅमेरे चेंडू बघतात आणि आधीच भरून ठेवलेला आवाज "आउट" म्हणतो. हिरवळ पूर्वी जाळीजवळ झिजायची, कारण सर्व्हिस करून सगळे पुढं धावायचे; आता ती मागच्या रेघेशी झिजते. मामूंना हे सगळं बघायला मिळालं नाही. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली, आणि त्यांची कोर्टं होती तिथं आता गाड्या लावतात.

पण मी रडगाणं गाणार नाही. ईरा दोन हातांनी बॅकहँड मारते तेव्हा तिच्या खांद्यापासून टाचेपर्यंत जे काही वळतं आणि सुटतं, ते आमच्यापैकी कुणाला जमलं नसतं. तिला काय खावं ते माहीत आहे, किती झोपावं ते माहीत आहे, हरल्यावर कुठं चुकलं ते ती फोनवर पुन्हा बघते. तेरा वर्षांची मुलगी स्वतःची चूक थंड डोळ्यांनी बघते, याचं मला फार अप्रूप वाटतं. मी माझी चूक बघायला तीस वर्षं घेतली.

तर परवा. रडारच्या हिशोबातली पंचवीस मिनिटं झाली होती. दोन मुली लांब दांड्याच्या रबरी पट्ट्या घेऊन निळ्या कोर्टावरचं पाणी ढकलायला तयार उभ्या होत्या, पाऊस थांबायची वाट बघत. ईरानं कानातले बोळे काढले आणि नौशीनला विचारलं, "मावशी, तुमच्या वेळी कॅमेरे नव्हते, मग लाइनवरून भांडणं नाही व्हायची?"

"अगं, तुमच्या तरी कोर्टावर कुठं कॅमेरे आहेत?" नौशीन म्हणाली. खरंच होतं. या लहान मुलांच्या स्पर्धांत सहा कोर्टांमागं दोन पंच असतात. ज्याच्या बाजूला चेंडू पडतो त्यानंच आत की बाहेर ते सांगायचं. "भांडायचं असलं की होतंच भांडण."

ईरा हसून पुन्हा आपल्या कोपऱ्यात गेली. पावसाचा जोर कमी होत होता. नौशीनचे केस कानाशी पांढरे झालेत. बी.पी.एड. करून ती मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली. शाळेच्या फरशीच्या अंगणात तिनं स्वतः रंगानं रेघा मारल्या, दोरीला जुनी जाळी शिवून नेट केलं, आणि गेली वीस वर्षं त्यावर मुली खेळवते. आफरीन तिथलीच.

का कुणास ठाऊक, मी एकदम बोलले.

"नौशीन, त्या फायनलचा बॉल. मला तेव्हा वाटलं होतं तो बाहेर गेला. मी बोलले नाही."

ती माझ्याकडं बघायला लागली.

"तू शेडमध्ये माझ्याशेजारी दोन तास बसली होतीस, आणि मी बोलले नाही. सरांनी विचारलं तेव्हाही मान हलवली. तू आत आहे म्हणालीस म्हणून वाटलं की मला चुकीचं दिसलं असेल. पण तू तसं म्हणणार हे शेडमध्ये मला कुठं माहीत होतं? मी फुकटचा पॉइंट घ्यायला बसले होते."

नौशीननं पाण्याची बाटली उघडून एक घोट घेतला. मग म्हणाली, "मी आत आहे असं कुठं म्हणाले?"

"म्हणजे?"

"आठव की. मी म्हटलं, पॉइंट तिचा आहे. कुलकर्णी सरांनी विचारलं, आत होता का, तू पाहिलंस का. मी हो नाही म्हटलं." तिनं पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं. "मी वाकून बघितलं ना, तर तिथं चार-पाच खड्डे होते. पहिले मोठे थेंब पडलेले. एक रेघेवर, एक बाहेर, एक अर्धा अर्धा. त्यातला तुझा बॉल कोणता आन् पावसाचे कोणते, अल्ला जाने. मला दिसलंच नाही."

"मग तो बाहेरही असू शकतो!"

"असू शकतो."

"आणि तरी तू—"

"मामू काय सांगायचे? बाहेर दिसला तर बाहेर म्हणायचं, बिनधास्त. दिसला नाय तर बॉल समोरच्याचा. बस. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी मला. तुला नाही सांगितलं?"

सांगितलं होतं. मलाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं कधी? ते शेवटचं वर्ष होतं तुझं."

"वाटलं की. लई वाटलं. घरी जाऊन अम्मीच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. दोन वर्षं रॅकेटला हात नाही लावला." पाऊस थांबला होता. कोर्टावर रबरी पट्ट्या पाणी ढकलायला लागल्या होत्या आणि पंच हातातल्या कागदावरून नावं पुकारत होते. नौशीन उठली, कमीज झटकली. "पण बाहेर म्हटलं असतं ना वैशू, तर दोन वर्षांत संपलं नसतं ते."

आफरीन रॅकेट घेऊन समोर येऊन उभी राहिली होती. नौशीननं खाली वाकून तिच्या बुटाची नाडी बघितली, ओढून पुन्हा घट्ट बांधली आणि तिला कोर्टाकडं पाठवलं.